फँटसीतल्या थापाड्याची वंशावळ

प्रश्न पुण्यातल्याच एका नव्या लेखकाचा आहे. ते मराठीत फँटसी कादंबरी लिहितायत. दुसऱ्या प्रकरणात बंदरावरचा एक गुत्ता आहे. तिथे एक म्हातारा खलाशी बसलेला असतो आणि कुणी पेला भरून दिला की एक अचाट गोष्ट सांगतो. मित्रांनी प्रकरण वाचलं आणि सांगितलं की हे इंग्रजी पुस्तकांतून आणि गेममधून आलंय, मराठीत उपरं वाटतं. लेखकाला दोन गोष्टी जाणून घ्यायच्यात: या दृश्याचं मूळ नक्की कुठे आहे, आणि ते ठेवावं की काढून टाकावं?

माझं उत्तर आधीच सांगतो. ठेवा. पण पेला, शेकोटी आणि लाकडी बाकं हा त्या दृश्याचा प्राण आहे असं समजू नका. प्राण आहे बैठकीतल्या करारात. गोष्ट कुणी सांगायची, ऐकणाऱ्याने बदल्यात काय द्यायचं, 'हे खोटं आहे' असं म्हणायचा हक्क कुणाला, आणि म्हटलंच तर त्याला ते किती महाग पडणार. मी बरीच वर्षं गोष्टी लिहितो, मंचावर सांगतो आणि कार्यशाळांत शिकवतो. गुत्त्याचं दृश्य फसलेली हस्तलिखितं माझ्याकडे वरचेवर येतात. त्यांत दारूचं वर्णन उत्तम असतं, करार मात्र कुठेच नसतो. म्हणून वंशावळ सांगताना मी हा एकच धागा धरून मागे जाणार आहे.

मित्रांचा संशय जिथे आहे तिथूनच सुरुवात करू. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ आला आणि त्यातली असंख्य साहसं गुत्त्यात सुरू होऊ लागली. एकमेकांना न ओळखणाऱ्या चार-पाच पात्रांना एका टेबलाशी आणून बसवायला याहून सोयीची जागा नाही. कोपऱ्यात कुणी म्हातारा असतो, त्याच्याकडे खजिन्याची नाहीतर राक्षसाची खबर असते. पुढे कॉम्प्युटर गेमनी हेच उचललं. या खेळाच्या कर्त्यांनी ज्या लेखकांचं ऋण मान्य केलं त्यांत फ्रिट्झ लायबर आहे. त्याची फाफर्ड आणि ग्रे माउझर ही जोडी १९३९ मध्ये पहिल्यांदा छापली गेली आणि लांकमार शहरातला 'सिल्व्हर ईल' हा गुत्ता हे तिचं जवळजवळ घरच आहे. पण खेळातल्या म्हाताऱ्याची गोष्ट ही बहुतेक वेळा नुसती माहिती असते. तो सांगतो, खेळाडू ऐकतात आणि निघतात. तिथे कुणी पणाला काही लावत नाही. तुमच्या मित्रांना जे उपरं वाटलं ते हेच असावं.

टॉल्किनचा गुत्ता वेगळा आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला खंड १९५४ चा. त्यातल्या दुसऱ्याच प्रकरणात 'ग्रीन ड्रॅगन' नावाच्या गुत्त्यात सॅम माळी आणि टेड सँडीमन हा गिरणीवाल्याचा मुलगा यांची जुंपते. सॅम सांगतो, माझ्या चुलतभावाने उत्तरेच्या माळावर एल्म वृक्षाएवढा एक चालता प्राणी पाहिला, सात-सात यार्डांची ढांग टाकणारा. टेड म्हणतो, मग त्याने एल्मच पाहिला असेल. सॅम म्हणतो, पण तो चालत होता, आणि त्या माळावर एल्मची झाडंच नाहीत. टेड म्हणतो, झाडंच नाहीत म्हणजे त्याने काही पाहिलंच नसणार. सगळे हसतात आणि टेडला दाद देतात. वाद टेड जिंकतो.

पुढच्या खंडात वाचकाला खरोखरच चालती-बोलती झाडं भेटतात. लेखक मागे वळून 'बघा, सॅम खरं बोलत होता' असं सांगत बसत नाही. ज्याला ते प्रकरण आठवतं त्याला आठवतं. फँटसीने जुन्या थापेच्या परंपरेत केलेला हा सगळ्यात मोठा फेरफार आहे. साध्या थापेत सांगणारा आणि ऐकणारा दोघांनाही ठाऊक असतं की ही थाप आहे, आणि त्या जाणिवेतच मजा असते. फँटसीत हसणारे चुकलेले असतात. शहाणपणाने बोलणारा टेड आंधळा ठरतो आणि ज्याच्याकडे पुरावा नाही त्याचं म्हणणं खरं निघतं. गुत्त्यातलं हसू हे पुढे येणाऱ्या जगाचं दार होतं.

हा फेरफार एकदम झाला नाही. मधल्या पायरीवर लॉर्ड डन्सनी उभा आहे आणि माझ्या मते तुमचा खलाशी थेट त्याच्याच घराण्यातला आहे. डन्सनी हा आयरिश उमराव, सैनिक आणि शिकारी, आफ्रिकेत हिंडलेला. त्याचा जोसेफ जॉर्किन्स लंडनच्या एका बिलियर्ड्स क्लबात बसतो आणि कुणी व्हिस्की-सोडा पाजला की प्रवासातली एक हकीकत सांगतो. जॉर्किन्सचा पहिला संग्रह १९३१ मध्ये आला, आणि डन्सनीच्या हयातीत असे पाच निघाले. कधी विस्तव वापरणारा एक अज्ञात प्राणी, कधी जलपरीशी लग्न. क्लबात टर्बट नावाचा एक सभासद आहे, त्याला जॉर्किन्सचं खोटं पकडायचं असतं. डन्सनीची करामत अशी की तो शेवटपर्यंत निकाल देत नाही. जॉर्किन्स खोटारडा आहे असं कधी सिद्ध होत नाही आणि खरा आहे असंही नाही. करार स्पष्ट असतो: पेला द्या, गोष्ट घ्या, उलटतपासणी करायची तर करा, पण गोष्टीत फट सापडली नाही तर तोंड मिटून बसा.

याच सुमारास इंग्रजीत अशा कथांचा एक प्रवाहच तयार झाला. वुडहाउसचा मिस्टर मुलिनर १९२६ पासून 'अँगलर्स रेस्ट' या गुत्त्यात आपल्या नातेवाइकांच्या कथा सांगतो. तिथले श्रोते नावाने ओळखले जात नाहीत, जे पितात त्यावरून ओळखले जातात. फ्लेचर प्रॅट आणि स्प्रेग डी कॅम्प यांनी १९५० पासून 'गॅव्हगन्स बार'च्या कथा लिहिल्या. एका कथेत तर व्हिस्कीला चटावलेल्या चिमुकल्या हत्तींची पैदास आहे. आर्थर क्लार्कचा 'टेल्स फ्रॉम द व्हाइट हार्ट' हा संग्रह १९५७ चा. त्यातला गुत्ता लंडनमधल्या फेटर लेनवरच्या 'व्हाइट हॉर्स' या खऱ्या जागेवर बेतलेला होता. विज्ञानकथांचे लेखक आणि वाचक तिथे दर गुरुवारी जमत. क्लार्क आणि डन्सनी यांच्यात पत्रव्यवहारही होता, म्हणजे इथे वंशावळीचा दुवा कागदावर सापडतो. क्लार्कच्या हॅरी पर्व्हिसची एक गोष्ट आवाज गिळणाऱ्या यंत्राची आहे: एका ध्वनिलहरीला दुसरी उलटी लहर भिडवून शांतता निर्माण करणारं यंत्र, जे शेवटी फुटतं, कारण गिळलेली ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. ही कल्पना हवेतली नव्हती. याच तत्त्वावर जर्मन संशोधक पाउल लूएग याला १९३६ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालेलं होतं. पर्व्हिस नव्वद टक्के खरं सांगतो. थाप उरलेल्या दहा टक्क्यांत असते आणि ती नेमकी कुठे सुरू झाली ते टेबलावरच्या शास्त्रज्ञांनाही सांगता येत नाही.

आता पुण्याकडे येतो, आणि हे मी गावाच्या अभिमानापोटी ओढूनताणून आणत नाहीये. इंग्रजी विनोदात आणि व्यंगचित्रांत निवृत्त कर्नलचा एक ठरलेला नमुना आहे: लालबुंद चेहरा, पांढऱ्या मिशा, हातात पेला, आणि तोंडी एक ठरलेलं वाक्य, 'मी पूनाला असताना...' त्यापुढे वाघ, साप, फकीर, राजा, काहीही येऊ शकतं. पुणे म्हणजे मोठी लष्करी छावणी, मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं पावसाळ्यातलं मुक्कामाचं ठिकाण, त्यामुळे इथून परत गेलेले अधिकारी पुष्कळ. लंडनच्या क्लबात बसलेल्या श्रोत्याला पुण्याला येऊन खात्री करून घेणं शक्य नव्हतं. जॉर्किन्सच्या गोष्टींना जशी आफ्रिका लागते तशी त्या कर्नलला पुणे लागायचं. थापेला एक 'तिथे' लागतं: सांगणारा जाऊन आलेला, ऐकणारे न गेलेले. आपण ज्या गावात मंडईतून भाजी आणतो ते गाव दुसऱ्या कुणाच्या तरी थापांचं 'तिथे' होतं, हे मराठी फँटसी लिहिणाऱ्याने विसरू नये. क्लबातल्या सांगणाऱ्याला सैन्यातला हुद्दा आणि उष्ण देशातला अनुभव का चिकटला, त्याच्या उत्तराचा मोठा भाग इथल्या कॅम्पात आहे.

मग इंग्रजांकडे हे गुत्त्यातच का घडलं? कारण त्यांच्याकडे जुनी सराई ही जात-धंदा-गाव न विचारता सगळ्यांना एका छपराखाली आणणारी जागा होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपले यात्रेकरू लंडनजवळच्या सदर्क इथल्या 'टॅबर्ड' सराईत गोळा केले. तिथला मालक स्वतः स्पर्धा लावतो: वाटेत सगळ्यांनी गोष्टी सांगायच्या, उत्तम सांगणाऱ्याला परतल्यावर बाकीच्यांच्या खर्चाने जेवण. त्यातही करार आहे, पंच आहे, आणि सराईवाल्याचा धंदाही आहे.

त्याच्याही मागे उत्तर युरोपातली मद्याची दालनं आहेत. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यात नायक राजा ह्रोथगारच्या दालनात येतो तेव्हा उनफेर्थ नावाचा दरबारी सगळ्यांसमोर त्याला डिवचतो: ब्रेकाशी पोहण्याची पैज तू हरलास ना, सात रात्री समुद्रात होतास म्हणे? बेओवुल्फ उत्तर देतो की तू बिअर पिऊन बोलतोयस, आम्ही पाच रात्री एकत्र होतो, मग पुराने आम्हाला वेगळं केलं आणि मी तळाशी राक्षस मारले. आकडे जुळत नाहीत आणि कवी ते जुळवूनही देत नाही. पण त्या दालनात फुशारकीची किंमत ठरलेली आहे: जे बोललास ते आज रात्री ग्रेन्डेल या राक्षसासमोर करून दाखव. बोलणारा जिवानिशी जाऊ शकतो. तुमच्या कादंबरीत खलाशाची गोष्ट ऐकून दुसऱ्या दिवशी कुणी त्याला म्हणालं का, 'चल, दाखव ती जागा'? प्रकरणात मला ते दिसलं नाही, आणि तिथे मोठी संधी आहे.

लोकथापांची शाखा वेगळी. ती दालनातून येत नाही, शेतातून, जंगलातून आणि शिकारीच्या गप्पांतून येते. लोककथांच्या आर्ने-थॉम्पसन-उथर सूचीत १८७५ ते १९९९ हे क्रमांक अशा थापांना दिलेले आहेत, इतक्या त्या जगभर सापडतात. बॅरन म्युनखाउझेन हा खरा माणूस होता, जन्म १७२०. रशियन सैन्यात तुर्कांविरुद्ध लढून बोडेनवेर्डरला परतला आणि पाहुण्यांना शिकारीच्या नि लढाईच्या गोष्टी रंगवून सांगू लागला. १७८५ मध्ये रास्पे याने त्याच्या नावावर इंग्रजीत पुस्तक छापलं, त्यात जुन्या-पुराण्या थापाही घातल्या. त्यातली एक गोठलेल्या सुरांची: थंडीत घोडागाडीवाल्याच्या शिंगातले सूर गोठतात आणि गुत्त्यात चुलीजवळ शिंग टांगल्यावर आपोआप वाजू लागतात. हीच कल्पना सोळाव्या शतकात राब्ले या फ्रेंच लेखकाकडे गोठलेल्या शब्दांच्या रूपात आहे, आणि त्याआधी प्लूटार्क या ग्रीक लेखकाने एका शहराची गोष्ट नोंदवलीय, जिथे हिवाळ्यात बोललेलं उन्हाळ्यात ऐकू येतं. दोन हजार वर्षांच्या या प्रवासात सांगणारे बदलले, मुलूख बदलले, गोष्ट टिकली.

इंग्लंडच्या कंब्रिया भागात विल रिटसन (१८०८–१८९०) नावाचा गुत्तेवाला होऊन गेला. तो गिऱ्हाइकांना सांगायचा की आमच्या खोऱ्यातले सलगम इतके मोठे होतात की लोक रविवारच्या जेवणासाठी ते खणून काढतात आणि पोखरलेल्या पोकळीत मेंढ्या बांधतात. त्याच्या स्मरणार्थ तिथल्या एका गुत्त्यात दरवर्षी जगातल्या सगळ्यात मोठ्या थापाड्याची स्पर्धा होते आणि वकील व राजकारणी यांना त्यात बंदी आहे. अमेरिकेत मार्क ट्वेनने १८६५ मध्ये उड्या मारणाऱ्या बेडकाची गोष्ट लिहिली. ती सांगणारा सायमन व्हीलर खाणगावातल्या मोडक्या गुत्त्यात शेगडीजवळ पेंगत असतो, आणि पूर्ण गोष्टीत तो एकदाही हसत नाही, कपाळाला आठी पाडत नाही, आवाज बदलत नाही. ट्वेनने पुढे १८९५ मध्ये लिहिलं की विनोदी गोष्ट गंभीरपणे सांगायची, आपण काही गमतीचं बोलतोय याचा सुगावाही लागू द्यायचा नाही. मंचावर उभं राहून मला हेच पुन्हा पुन्हा पटलंय. सांगणारा आधी हसला की श्रोता सुटला. तुमचा खलाशी दर दोन वाक्यांनी डोळे मिचकावतो. ते सगळे डोळे मिचकावणे काढून टाका.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला घेतलं त्या ग्रंथाकडे येतो. आठव्या शतकातल्या हरिभद्रसूरी या जैन आचार्यांचं प्राकृत 'धूर्ताख्यान'. इंग्रजी समीक्षेत गुत्त्यातल्या कथांची वंशावळ सांगताना याचं नाव मी क्वचितच पाहिलंय, आणि मराठी लेखकांनाही ते फारसं ठाऊक नसतं याचं मला फार वाईट वाटतं. मांडणी अशी: उज्जयिनीच्या बाहेर एका उद्यानात पाच धूर्त जमलेत, मूलश्री, कंडरीक, एलाषाढ, शश आणि खंडपाना. खंडपाना ही बाई आहे. प्रत्येकाबरोबर पाचशे अनुयायी. पाऊस थांबत नाही, बाहेर पडता येत नाही आणि सगळे भुकेले आहेत. या सगळ्यांना जेवण कोण घालणार? मूलश्री तोड काढतो. प्रत्येकाने आपला 'अनुभव' सांगायचा. जो कुणी 'हे खोटं' म्हणेल त्याने सर्वांना जेवू घालायचं. आणि जो त्या अनुभवाला महाभारत, रामायण, पुराणं यांतले दाखले देऊन तो शक्य आहे असं सिद्ध करेल तो धूर्तांचा प्रमुख.

मूलश्री सांगतो: डोक्यावर गंगा धारण करायला निघालो, हातात छत्री आणि कमंडलू, तर एक हत्ती मागे लागला. मी कमंडलूत शिरलो. हत्तीही मागोमाग आत आला आणि सहा महिने आतल्या आत माझा पाठलाग करत राहिला. शेवटी मी तोटीतून बाहेर पडलो, हत्तीही बाहेर आला, पण त्याच्या शेपटीचा एक केस तोटीत अडकला. बाकीचे धूर्त शांतपणे पुराणातले दाखले काढतात आणि म्हणतात, अगदी शक्य आहे. कंडरीक सांगतो की दरोडेखोर आले म्हणून सगळं गाव एका काकडीत लपलं, काकडी बकरीने खाल्ली, बकरी अजगराने गिळली, अजगर बगळ्याने. तेही शक्य ठरतं.

मग खंडपाना. तिच्या गोष्टीचा शेवट असा: मी राजाच्या धोब्याची मुलगी, धुवायला नेलेली राजाची वस्त्रं वाऱ्याने उडून गेली आणि माझे नोकर भीतीने पळून गेले. ते नोकर म्हणजे तुम्ही, आणि अंगावर जी वस्त्रं घातलीयत ती तीच. आता बोला. खरं म्हणावं तर ते तिचे नोकर ठरतात आणि अंगावरची वस्त्रंही जातात. खोटं म्हणावं तर अडीच हजार माणसांना जेवण घालायचं. चौघे धूर्त हरतात.

हरिभद्रांचा हेतू पुराणांतल्या अतिशयोक्तीवर टीका करण्याचा होता आणि तो लपवलेला नाही. पण कथेच्या कारागिरीकडे पाहा. थापेची स्पर्धा, बंदिस्त जागा, पाऊस, भूक, संशय घेणाऱ्यावर दंड, आणि शेवटची थाप अशी की ती ऐकणाऱ्यांनाच आपल्या आत ओढते. डन्सनीच्या आधी अकराशे-बाराशे वर्षं. दारूचा थेंब नाही. लोककथांच्या सूचीत 'खोटं म्हणेल तो हरला' या नियमाच्या गोष्टींना वेगळा क्रमांक आहे, आणि आपल्याकडे 'तुमच्या वडिलांनी माझ्या वडिलांकडून लाख रुपये उसने घेतले होते' असं राजाला सांगणाऱ्या पोराची गोष्ट अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. ती याच कुळातली.

अरबी गोष्टींत करार उलटा आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्या मराठीत आणायला घेतल्या, त्यामुळे पुणेकर वाचकाला त्या एकोणिसाव्या शतकापासून परिचित आहेत. सिंदबाद खलाशी आपल्या सफरी सिंदबाद नावाच्याच हमालाला सांगतो, जेवू घालतो, आणि प्रत्येक गोष्टीनंतर त्यालाच शंभर मोहरा देतो. सांगणारा ऐकणाऱ्याला पैसे देतो. श्रीमंत माणसाला साक्षीदार हवा आहे. तुमच्या खलाशाला पेल्याची आशा आहे असं तुम्ही गृहीत धरलंत, कारण इंग्रजीत तसं असतं. तो सिंदबादासारखा देणारा असता तर?

मराठीत गुत्ता उपरा का वाटतो, याचं उत्तर दारूबद्दलच्या आपल्या साहित्यिक स्मृतीत आहे. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यात तळीरामाचं आर्यमदिरामंडळ आहे, म्हणजे आपल्याकडे बाटलीभोवती जमलेली वाचाळ मंडळी आणि त्यांचे अचाट तर्क होते. पण प्रेक्षकाने घरी नेला तो सिंधूचा मृत्यू. नंतर १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला, दारूला परवाना लागू लागला आणि 'परमिट रूम' हा शब्द रूढ झाला. ओळखीचा कुणी दिसू नये म्हणून माणूस जिथे मान खाली घालून शिरतो तिथे मोकळी मैफल जमत नाही. मराठी गप्पा पारावर, चावडीवर, देवळाच्या ओवरीत, एसटी स्टँडवर आणि अमृततुल्यात वाढल्या. द. मा. मिरासदारांची भोकरवाडी आठवा: नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर, सगळे रिकामे, आणि कुणीतरी एक खबर आणतो जी संध्याकाळपर्यंत गावाला पुरते. ती माणसं चहावर किंवा नुसत्या तंबाखूवर गप्पा ठोकतात आणि तिथेही संशय घेणाऱ्याला किंमत मोजावी लागते.

थापेला गुत्त्याच्या भिंती पुरल्या नाहीत तर काय होतं, याचं आपल्याच इतिहासातलं उदाहरण म्हणजे सदाशिवरावभाऊंचा तोतया. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर भाऊ पडले, पण खात्री पटावी असा पुरावा सगळ्यांपर्यंत पोहोचला नाही आणि पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलं नाही. अशा वेळी एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मीच भाऊ. जे साक्ष देऊ शकले असते त्यांतले बहुतेक रणांगणावर गेले होते. लोकांनी विश्वास ठेवला कारण त्यांना ठेवायचा होता. त्याच्यामागे फौज जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि शेवटी १७७६ मध्ये त्याला पकडून पुण्यात देहदंड दिला गेला. ऐकणाऱ्यांच्या दुःखाला हवी असलेली गोष्ट सांगणारा माणूस किती दूर जाऊ शकतो, हे यातून शिकावं. फँटसीतल्या लेखकाला याहून चांगला कच्चा माल कुठे मिळणार?

आता तुमच्या प्रकरणाबद्दल नेमकं सांगतो. बंदर कोकणासारखं आहे, नारळी आहेत, गलबतं आहेत, आणि गुत्त्यात मात्र ओकची पिंपं आणि दगडी शेकोटी. ती काढा. तिथे माडीचं दुकान ठेवा: शेणाने सारवलेली जमीन, मडकी, दुकानदाराची उधारीची वही. काळ आषाढ-श्रावणातला घ्या. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या, खलाशी बेकार, खिशात पैसा नाही, पाऊस थांबत नाही. हरिभद्रांचे धूर्त याच कोंडीत होते, फक्त उद्यानात. तुम्हाला गोष्टी सांगायला भाग पाडणारी परिस्थिती आयती मिळते.

करार उधारीच्या वहीत ठेवा. दुकानदार म्हणतो, म्हाताऱ्याच्या गोष्टीला जो 'खोटं' म्हणेल त्याच्या नावावर आजच्या बैठकीची उधारी. म्हणजे सगळे गप्प बसतात, आणि ते गप्प बसणं म्हणजे विश्वास नव्हे, हे वाचकाला कळत राहतं. मग संशय घेणारा एकच आणा आणि त्याला हुशार ठेवा. समुद्र, वारे, खडक यांची माहिती त्याला खलाशापेक्षा जास्त असू द्या. त्याची हरकत बिनतोड हवी, सँडीमनसारखी. वाचकालाही वाटलं पाहिजे की हा बरोबर आहे. मूर्ख संशयी उभा केला तर गोष्ट खरी निघाल्यावर काहीच हलत नाही.

खलाशाच्या गोष्टीत आधी खरं काम भरा. शीड कसं उतरवतात, पाण्याचा रंग कुठे बदलतो, डोलकाठीला तडा गेल्यावर काय करतात. पर्व्हिसचं नव्वद-दहाचं प्रमाण लक्षात ठेवा. ही माहिती पुस्तकातून आणू नका. हर्णै, दाभोळ, मालवणला जा आणि पावसाळ्यात होड्या दुरुस्त करणाऱ्यांशेजारी बसा, ते बोलतात. सराव मात्र पुण्यात घरबसल्या होतो. शनिवारवाड्यात पौर्णिमेच्या रात्री 'काका मला वाचवा' ऐकू येतं हे नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला सांगणारा माणूस कोणत्या शब्दाने सुरुवात करतो, 'मी स्वतः' म्हणतो की 'माझ्या मामाने', आणि हरकत आल्यावर कुठे सरकतो ते टिपा. कुठल्या गडाच्या पायथ्याशी मुक्कामाला असाल तेव्हाही कान उघडे ठेवा.

शेवटी त्या गोष्टीचं काय करायचं, हे तुम्हाला एकदाच ठरवावं लागेल. डन्सनीसारखं अधांतरी ठेवायचं, टॉल्किनसारखं पुढच्या भागात खरं करायचं, की खंडपानासारखं ऐकणाऱ्यांनाच गोष्टीत अडकवायचं. तुमची कादंबरी ज्या बेटाकडे जाते ते पाहता मी तिसरा मार्ग घेईन. म्हाताऱ्याने सांगावं की त्या बेटावर माझे सात साथीदार राहिले, आणि मग बाकावर बसलेल्यांकडे बोट दाखवून त्यांची नावं घ्यावीत. संशय घेणारा नायक सातवा. 'खोटं' म्हणावं तर बैठकीची उधारी त्याच्या डोक्यावर, 'खरं' म्हणावं तर तो इथे बसलेलाच नाही. तुमचं तिसरं प्रकरण तो काय उत्तर देतो तिथून सुरू करा, आणि बेटाचा नकाशा जो आत्ता पहिल्याच पानावर छापलाय तो त्या उत्तरानंतर येऊ द्या.